शेवटची चौकट

मेहताजी, विश्वास कुणावर ठेवावा हो? तेल विकणाऱ्यावर, की तेलाला नावं ठेवणाऱ्यावर? ते गोणपाटात गुंडाळलेलं चित्र परत आलेल्या मालात मांडण्याआधी जरा बसा. चहा येतोय.

सहासष्ट साल. तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं. तिथले ड्राफ्ट्समन नागोराव, परभणीकडचे, पालघरला आपल्या दुकानी जवसाचं तेल न्यायला येत. सातपाटीवाले होड्यांसाठी पिंपं भरून नेत, हे चित्राच्या रंगात कालवायला एक बाटली नेत. पण बोटावर चोळून, नाकाशी धरून.

कॉलनीतल्या एका मडमेने त्यांना इटलीतल्या जुन्या चित्राचा छाप दिला होता. मेरी, आणि मांडीवर बाळ येशू. "हुबेहूब उतरवा, हात आपोआप शिकेल," म्हणाली. रविवारी ती मायदेशी निघणार. त्याआधी चित्र तिला दाखवायचं, एवढंच नागोरावांच्या डोक्यात. छापावर बारीक चौकटी आखल्या, कॅनव्हासवर तितक्याच, पण मोठ्या, आणि एकेक रंगवत गेले. निळं वस्त्र जमलं, सोनेरी वलय जमलं. बाळाची कातडी मात्र जमेना. लाकडाची ठकी दिसे.

म्हणून शनिवारी मासवणच्या बायडीला समोर बसवलं. साइटवर खडी वाहायची ती. मांडीवरचं तान्हं पोर तापलं होतं. चार वाजता जीपने बोईसरला डॉक्टरकडे नेतो, या बोलीवर बसली.

दुपारी पोर किरकिरायला लागलं.

"भाऊ, पाजू का त्याला?"

"हलू नकोस गं, उजेड जाईल. एकच चौकट राहिलीय."

खोलीत तेलाचा, टर्पेंटाइनचा कोंदट वास. बाहेर खडी फोडल्याचा आवाज.

"भाऊ... आंग लय तापलाय त्याचा. आताच न्या ना..."

"एकच चौकट."

मग पोर शांत झालं. "निजला," बायडी कुजबुजली. नागोरावांना बरंच वाटलं. शेवटच्या चौकटीत बाळाचे ओठ असे उतरले, की त्यांनी स्वतःशीच मान डोलावली.

बोईसरला डॉक्टरने पोराला हात लावला. "तास होऊन गेला हो याला..."

बायडी रडली नाही. एवढंच म्हणाली, "सकाळपासून प्याला नव्हता तो."

मडमेला चित्र दाखवलंच नाही. महिन्याभरात सगळं वाळलं; ओठांची चौकट तेवढी ओली. नागोराव रोज फडक्याने पुसत, सकाळी पुन्हा ओल. मग एक दिवस रागाने दुकानात आले, चित्र गल्ल्यावर आपटलं. "शेठ, भेसळ केलीत तुम्ही!"

मी त्याच डब्यातलं तेल त्यांच्यासमोर फळीवर फासलं. आठवड्याने बोलावलं. फळी खडखडीत वाळलेली. तेव्हा बसले आणि हे सगळं बोलले. उठताना चित्राकडे पाठ करून म्हणाले, "भेसळच असू द्या ना, शेठ..." पुन्हा आले नाहीत.

आता माझं ऐका. या धंद्यात केस पिकले. मुंगी लागते ती गुळाला, दुधाला; जवसाच्या तेलाला, टर्पेंटाइनला लागलेली मी पाहिली नाही. आणि ती भिंतीवरून गोणपाटात शिरलेली रांग बघा. तीन वर्षं रोज झाडतोय.

गोणपाट ओलं लागलं ना हाताला? वास घेऊ नका. तुमच्या घरी तान्हं आहे, ओळखाल.

हात पुसा, मग लिहा. हिशेब खरा ठेवा, मेहताजी. कारणाच्या जागी 'तेल खराब' लिहू नका. तेल चोख होतं.