थांब, फिल्म उघडी आहे

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण माझी मावशी थापा मारणाऱ्यातली नाही. तिने चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. आणि शेवटचा भाग तर माझ्यासमोर घडलाय.

ही रात्रीची गोष्ट नाही. रविवार होता. दुपारचे अडीच वाजले होते. जागा म्हणाल, तर मावशीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरातलं बाथरूम.

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, फोटोग्राफर. स्टुडिओ बंद केला तरी ब्लॅक अँड व्हाइट फिल्म घरी धुण्याचं वेड काही सुटलं नाही. दर रविवारी जेवण झालं की बाथरूमच्या खिडकीला काळा कागद, दाराच्या फटीला टॉवेल, आणि काका आत. फिल्म चकरीवर चढवून डब्यात बंद होईपर्यंत मिट्ट काळोख लागतो. उजेडाची एक रेघ आली तरी सगळे फोटो गेले.

म्हणून घरात एक नियम होता. मावशी चहा घेऊन यायची, दारावर दोनदा टकटक करायची. आतून उत्तर यायचं, "थांब, फिल्म उघडी आहे."

"चहा गार होतोय हो!" मावशी बाहेरून करवादायची.

डब्याचं झाकण लागलं की काका म्हणायचे, "ये आता." तोवर ती हलायची नाही. अर्धा जन्म तिने त्या दाराबाहेर काढला. काका स्वतः मात्र कुणासाठी पाच मिनिटं थांबणारे नव्हते. बसला उशीर झाला की चालत निघायचे.

आठ महिन्यांपूर्वी ते गेले.

तेव्हा लक्षात आलं, घरात त्यांचा एक धड फोटो नाही. जन्मभर माणूस कॅमेऱ्याच्या मागे! शेवटी ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला. त्यात कपाळावर अर्धा शिक्का. मावशीला तो बघवत नव्हता.

पण कॅमेऱ्यात एक रोल शिल्लक होता. त्यातला शेवटचा, छत्तिसावा फोटो मावशीने स्वतः काढला होता. खिडकीजवळच्या खुर्चीत काका. जायच्या दोन दिवस आधीचा.

"काढून ठेव," ते म्हणाले होते. "तुला लागेल."

तो रोल परक्याच्या हातात द्यायला तिचं मन होईना. काम तर तोंडपाठ होतं. त्या रविवारी तिने जेवण उरकलं, बाहेरच्या दाराला आतून कडी घातली, कागद लावला, टॉवेल सारला आणि दिवा बंद केला.

काळोखात फिल्म बाहेर काढली. चकरीच्या खाचेत टोक बसेना. बसलं, तर मध्येच अडकलं. तिने ते हलकेच मागे घेतलं...

टक. टक.

मावशी कामात गर्क. चाळीस वर्षं कानावर पडलेलं वाक्य तोंडून आपोआप निघालं.

"थांब, फिल्म उघडी आहे."

मग तिच्या अंगावर काटा आला. घरात कुणीच नव्हतं. बाहेरच्या दाराची कडी आतून होती.

बाहेर कपबशीचा किणकिणाट झाला. स्टूल सरकलं.

आणि मग...

"चहा गार होतोय."

काकांचा आवाज.

दार हातभर अंतरावर होतं. कडी काढली की झालं. सहा महिने ज्या आवाजासाठी कान आसुसले होते तो पलीकडे होता. पण हातात उघडी फिल्म. दार उघडलं तर त्यांचा एकुलता एक फोटो जाणार. नाही उघडलं तर...

तिने फिल्म चढवली. रडत रडत चढवली. डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि दार उघडलं.

कुणी नव्हतं.

स्टुलावर काकांचा कान तुटलेला कप. तो तिने माळ्यावर टाकलेल्या खोक्यात बांधला होता. चहावर साय धरली होती. मावशीने एक घोट घेतला.

साखर नव्हती.

काकांना साखरेचा डबा कुठे असतो हे चाळीस वर्षांत कळलं नव्हतं.

तशाच अवस्थेत तिने काम पुरं केलं. नऊ मिनिटं डेव्हलपर, मग फिक्सर, मग पाणी. फिल्म दोरीवर चिमट्याला टांगली आणि काकांचं भिंग डोळ्याला लावलं. पस्तीस फोटो स्वच्छ आले होते.

छत्तिसाव्यात खिडकी होती. खुर्ची होती.

खुर्ची रिकामी होती.

"उठून चहा करायला गेले गं," हे सांगताना मावशी हसली. मला ते हसू आवडलं नाही.

मग हळूच म्हणाली, "घाबरून मी त्यांना 'या आता' म्हणायलाच विसरले. जन्मात पहिल्यांदा एकेरीत बोलले, आणि तेही 'थांब'. ते अजून थांबलेत."

दर रविवारी अडीचला बाथरूमच्या दारावर टकटक होते, म्हणाली. आत कुणी असो, नसो. आधी दोनदा व्हायची. मग तीनदा. गेल्या रविवारी दाराची कडी हलली.

मला खरं वाटलं नाही. म्हणून मुद्दाम पुढच्या रविवारी गेले. बाथरूमची फरशी पुसायच्या निमित्ताने आम्ही दोघी आत होतो. दार लोटून कडी घातली होती.

अडीच वाजले.

टक. टक. टक. टक.

जोरात. थांबून थांबून कंटाळलेल्या माणसासारखी. कडी खडखडली. दाराखालच्या फटीतला उजेड मध्येच तुटला, पलीकडे कुणी उभं राहावं तसा.

मावशीने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. तिने तोंड उघडलं, आणि मी झडप घालून तिच्या तोंडावर हात दाबला.

टकटक बंद झाली. उजेड परत आला.

ती काय बोलणार होती, मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. मी तिला माझ्या घरी राहायला बोलावते. ती येत नाही. रविवारी तर नाहीच.

पण माझ्या तळहाताला तिचे ओठ लागले होते. 'थांब' म्हणताना ओठ मिटतात.

तिचे मिटले नव्हते.