मॅबेलची कॉलर

“रूफसकाका, तो चाबूक आधी खाली ठेवा!”

ओडेसा घोड्यावरून उडी मारतच ओरडली. शिधागाडी चढावावर अडली होती. चाळीस स्वारांचं जेवण, पाणी, घोड्यांचा चारा, सगळं त्या गाडीत! पण जोडीतली मॅबेल घोडी चार पावलं टाकायची आणि धापा टाकत थांबायची. ड्यूक बिचारा एकटा किती ओढणार?

“माजलीय ती!” गाडी हाकणारे रूफसकाका गुरगुरले. “तुझ्या आत्याला सांगितलंय मी. दुपारी घोड्यांच्या व्यापाऱ्याचा ट्रेलर येईल आणि घेऊन जाईल हिला.”

बारा वर्षांच्या ओडेसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या ट्रेलरमधून गेलेलं म्हातारं जनावर थेट कत्तलखान्यात जातं, हे कुणाला ठाऊक नव्हतं? दर वसंताच्या सुट्टीत ह्यूस्टनच्या मेळ्यापर्यंत ही स्वारी निघायची, आणि सात वर्षांत मॅबेलनं गाडी एकदाही अडवली नव्हती.

“काल तर ठणठणीत होती,” चुलतभाऊ थर्मन पुटपुटला.

“मग आज काय बदललं?”

“गोंडे!” धाकटी बहीण ज्वेल म्हणाली. “आज लाल गोंडे आहेत!”

खरंच की! दोन्ही घोड्यांच्या मानेत गाडी ओढायच्या नव्याकोऱ्या, गोंडेवाल्या चामडी कॉलरी होत्या, शहरातल्या मिरवणुकीसाठी आणलेल्या. ओडेसानं मॅबेलच्या गळ्याशी कॉलरीखाली हात घातला. तिथे आख्खा पंजा जायला हवा, हे घोडे पाळणाऱ्यांची पोरं बुटाची नाडी बांधण्याआधी शिकतात. इथे दोन बोटंही जाईनात.

“काका, हिची मान ड्यूकपेक्षा जाड आहे! तुम्ही दोघांना एकच माप घातलंत! श्वास कोंडतोय तिचा!”

“तीस वर्षं गाडी हाकतोय मी! आता शेंबड्या पोरांकडून शिकू?”

झालं! सरळ बोटानं तूप निघेना. थर्मननं डोळा मिचकावला. “काका, आत्यानं कॉफी केलीय. गरम पावही आहेत. संपतील हं!”

काका तरातरा गेले. थर्मननं गाडीतल्या चाऱ्याच्या पोत्यांखालून मॅबेलची ठिगळं लावलेली जुनी कॉलर ओढून काढली. ओडेसानं ती मॅबेलला चढवली. नव्या कॉलरीखालची कातडी लालभडक झाली होती! मग तिनं गाडीवर चढून लगाम हातात घेतले.

काका परतले, तेव्हा मागून ट्रेलरही आला आणि स्वारीच्या म्होरक्या अर्लीनआत्याही आल्या.

“उतर खाली, पोरी!” काका गरजले.

“नाही उतरणार! चल, मॅबेल!”

मॅबेलनं मान खाली घातली, खूर रोवले आणि ड्यूकच्या जोडीनं गाडी थेट माथ्यावर नेली. स्वारांनी टोप्या उडवल्या. आत्या चालत वर आल्या. त्यांनी घोडीचा सोललेला गळा पाहिला आणि लाल गोंड्यांची कॉलर हातात घेऊन पाहिली.

“शाबास गं ओडेसा! शाबास रे पोरांनो!”

“शाबासकी नंतर दे, आत्या! तूसुद्धा बघितलं नाहीस. आधी तो ट्रेलर परत पाठव!”

आत्यांनी मान हलवली. “खरंय. माझंच चुकलं.” त्या स्वतः जाऊन ट्रेलरवाल्याशी बोलल्या. येताना रूफसकाकांच्या हातातला चाबूक त्यांनी काढून घेतला.

“मिरवणुकीत आपण चांगलं दिसावं, एवढंच मनात होतं,” काका हळूच म्हणाले.

“आणि तिच्यावर चाबूक उगारताना कसे दिसत होतात?” ओडेसानं विचारलं.

रिकामा ट्रेलर उतारावरून खाली निघाला होता. आत्यांनी लगाम ओडेसाच्याच हातात राहू दिले.