एकाच वेळी दोन ठिणग्या

कन्नडच्या घाटातली शर्यत सत्यमसाठी सुरू व्हायच्या आधीच संपली. शर्यतीला निघताना गॅरेजातच आपल्या जुन्या दोन सिलिंडरच्या मोटारसायकलला त्यानं किक मारली, किक उसळून उलटी आली आणि त्याच्या नडगीचं हाड मोडलं.

दुसऱ्या दिवशी निशा खासगी गुप्तहेर राजनंदिनीकडे आली. त्या इंजिनाचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, लावलं होतं गॅरेजात काम करणाऱ्या निशाच्या भावानं, धम्मपालनं. सत्यमच्या घरचे धम्मपालविरुद्ध पोलिसांत जायला निघाले होते.

"माझा भाऊ असं काम करत नाय, ताई," एवढंच ती म्हणाली.

राजनंदिनी आणि तिचा सहकारी विश्वजीत छावणीतल्या त्या गॅरेजवर पोचले. मोटारसायकल होती तशीच उभी होती. राजनंदिनीनं इंजिनाचं झाकण काढलं. टायमिंगची प्लेट खुणेपासून बरीच सरकलेली होती. ठिणगी फार लवकर पडत होती. पिस्टन वर चढत असतानाच पेट्रोल पेटून त्याला मागं रेटत होतं, म्हणून किक उलटली होती.

मग तिनं पेट्रोलची टाकी उचलली. उजव्या सिलिंडरवर लाल खूण होती, पण लाल वायर डाव्या प्लगला जोडलेली होती.

"हे कुणाला बोलू नकोस," असं विश्वजीतला बजावत तिनं टाकी परत बसवली.

धम्मपालनंच घोळ घातला, अशी विश्वजीतची खात्री पटली.

धम्मपालचं म्हणणं वेगळं होतं. त्यानं टायमिंग लावल्यावर सत्यम स्वतः क्रांती चौकापर्यंत फेरी मारून आला होता आणि खूश होता. गॅरेजमालक अप्पाराव म्हणाले, स्क्रू ढिला राहून प्लेट सरकली असेल. ही गाडी त्यांना विकत हवी होती आणि सत्यमनं साफ नकार दिला होता, हे कळल्यावर विश्वजीतचा संशय त्यांच्याकडे वळला.

शेवटी शर्यतीतला सत्यमचा प्रतिस्पर्धी, प्रणय. त्याच्याकडेही दोन सिलिंडरची गाडी होती, पण नवी. टायमिंग लावलं जाताना तो शेजारीच उभा होता. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी अप्पाराव चहाला गेले तेव्हाही तो गॅरेजात एकटाच होता.

"प्लगच्या वायरी उलट्यासुलट्या लावल्या असतील धम्मपालनं," प्रणय म्हणाला. "मग किक उलटणारच."

राजनंदिनीनं सगळ्यांना मोटारसायकलभोवती बोलावलं. तिनं प्लेट खुणेवर आणली, टाकी उचलून उलट्या वायरी दाखवल्या आणि त्या तशाच ठेवून धम्मपालला किक मारायला सांगितली.

इंजिन पहिल्याच किकला धडधडू लागलं.

"या इंजिनात दोन्ही पिस्टन एकत्र वर येतात," ती म्हणाली. "पेटायची पाळी एकाचीच असते, पण ठिणगी दोन्ही प्लगला एकदमच पडते. एक कामी येते, दुसरी वाया जाते. वायरी बदलून इथं काहीच बिघडत नाही. प्रणय, तुमच्या गाडीत ठिणगी ज्याच्या त्याच्या पाळीनंच येते. तिथं वायरी बदलल्या तर इंजिन बंदच पडेल. इथंही तसंच होईल असं तुम्हाला वाटलं."

"मी नुसता अंदाज केला होता."

"किक उलटण्याचा वायरींशी संबंधच नाही, मग अंदाज कशावरून? वायरी टाकीखाली झाकलेल्या होत्या आणि आत्तापर्यंत मी त्या कुणाला दाखवल्या नव्हत्या. वायरी उलट्या आहेत, हे त्या बदलणाऱ्यालाच माहीत होतं."

प्रणयनं सगळं कबूल केलं. खात्रीसाठी त्यानं प्लेटही सरकवली होती. ठिणगी लवकर पडेल की उशिरा, हे त्याला कळतच नव्हतं.

"गाडी फक्त चालू व्हायला नको होती," तो पुटपुटला. "पाय मोडेल असं कधी मनातबी आलं नव्हतं. सत्यमला तुम्ही सांगाल?"

"नाही," राजनंदिनी म्हणाली. "दवाखान्यात आम्ही सोबत येतो. सांगायचं तुम्हीच. तिथून पोलीस ठाणं."

निशानं भावाकडे पाहिलं. तो इंजिन बंद करायचंही विसरून, डोळे पुसत उभा होता.