दोन बिल्ले

सोनाजी चपला दाराबाहेर काढून आत आला. पांढऱ्या सदऱ्याला नीळ जरा जास्तच झालेली. कामावरच्या अपघातांचा तपास करणाऱ्या रत्नमालाबाईंनी दोनदा ‘बसा’ म्हटल्यावर तो खुर्चीच्या कडेला टेकला.

“माझी शालू गेली बाई. महिना झाला. कंपनी म्हणती, तिला किरणं लागलीच नाय. म्हणती, मीच बिल्ला मुद्दाम मशिनीपाशी ठेवला अन् आता कांगावा करतोय. खरं काय झालं, तेवढं सांगा.”

बाईंचा मदतनीस गोकुळ वहीत लिहायचा थांबला. त्याची बायको जाऊन दोन वर्षं झाली होती.

सोनाजी आणि त्याची बायको शालू चितेगावजवळच्या एका यार्डात कामाला होते. तिथं पाइपांचे वेल्डिंग केलेले सांधे किरणांनी तपासत. प्रत्येकाला नावाचा बिल्ला. किरणं किती लागली, ते त्यावरून तीन महिन्यांनी प्रयोगशाळा सांगायची. आधी शालूचे हात भाजल्यासारखे झाले, मग अंगातलं रक्त कमी होत गेलं. अहवाल मात्र उलटा आला. शालूचा बिल्ला कोरा, सोनाजीचा भरलेला. आणि सोनाजीला साधा तापही नाही.

“आजारी पडायच्या आधी ती काही बोलली होती?”

“एकदा कपडे धुताना लई रडली. काय झालं म्हणलं, तर म्हणे काय नाय, तुम्ही जेवा.”

दुसऱ्या दिवशी बाई आणि गोकुळ यार्डात गेले. मुकादम कारभारी खुर्चीतून उठला नाही.

“शालू आजारी पडायच्या आधी मशीन बिघडलं, त्या दिवशी सांध्यावरची फिल्म काढायला कोण गेलं?” बाईंनी विचारलं.

“शालू. सोनाजी पाण्याचा जार आणायला गेला व्हता. जिच्यातनं किरणं निघत्यात ती गोळी मशिनीच्या डब्यात परतलीच नव्हती, नळीत अडकली. आम्हाला मागून कळलं.”

“किरणं चालू आहेत का, ते आधी मीटर लावून बघायचं असतं ना?”

“मीटर व्हतं की.”

“कुठं?”

“पेटीत.”

बाईंनी दोन्ही बिल्ल्यांच्या प्लास्टिकच्या खोळी मागितल्या. सोनाजीच्या खोळीवरचं नाव फिसकटलेलं, जेमतेम वाचता येणारं, कडेला निळसर डाग. चाप तुटलेला, तिथं सेफ्टी पिन. शालूची खोळ नव्यासारखी.

“सोनाजी जरा गबाळाच दिसतो,” गोकुळ म्हणाला.



प्रशिक्षण देणारी प्रेरणा पंचविशीतली होती. तिच्या रजिस्टरात नवरा-बायकोचे अंगठे होते.

“किती वेळ शिकवलंत?”

“वीस मिनिटं. कारभारीकाका घाई करत होते. लोक बिल्ला लावायचेच नाहीत, जेवणाच्या पिशवीत टाकायचे. म्हणून मी म्हटलं...” ती अडखळली. “म्हटलं, बिल्ला तुमचं रक्षण करतो. तो खराब झाला की संपलं.”

बाईंनी सोनाजीला बोलावून घेतलं आणि सगळ्यांना समोर बसवलं.

“सोनाजीचा बिल्ला शालूच्या अंगावर होता. आधी तो यांच्या सदऱ्याच्या खिशात राहिला आणि धुण्यात गेला. नीळ लागली, नाव फिसकटलं, चाप तुटला. ती रडली ते तेव्हा. नवऱ्याचं रक्षण गेलं असं तिला वाटलं. तिनं आपला चांगला बिल्ला त्याच्या खिशाला लावला आणि त्याचा खराब स्वतःच्या पदराला. बाईमाणसाकडे पिन असतेच. दोघांनाही वाचता येत नाही, आणि इथं नावं कुणी बघत नाही. म्हणून तिला लागलेली किरणं सोनाजीच्या नावावर निघाली.”

गोकुळनं मान खाली घातली. ‘गबाळा’ म्हटलेलं त्याला टोचत होतं.

“मंजी मी खिशात इसरलो म्हणून ती गेली,” सोनाजी म्हणाला.

“नाही. बिल्ला नुसता मोजतो, वाचवत नाही. तिचा स्वतःचा असता तरी हेच झालं असतं. मीटर पेटीतून निघालं असतं, तर ती वाचली असती. तसं मी लेखी देणार आहे.”

कारभारी उठून उभा राहिला. पण कुणी त्याच्याकडे बघितलं नाही.

“मग मला कशानं वाचवलं?”

“तुम्ही लांब होतात. तेवढंच.”

 सोनाजी प्रेरणाकडं वळला. आवाज चढला नव्हता.

“पोरी, एवढंच सांगायचं व्हतं तिला. लांब ऱ्हा म्हणून. तिनं ऐकलं असतं. सांगितलेलं समदं ऐकायची ती.”