जिन्यात दिसलेला माणूस

आमच्या कचेरीतले सासरेबुवा शब्दकोशाच्या कामातून निवृत्त झाले, तर जावईबापूंना त्यांची खिडकीजवळची खुर्ची मिळणार होती आणि जावईबापूंचं पंख्याखालचं टेबल मला. त्यामुळे म्हाताऱ्याच्या तब्येतीची आम्ही दोघंही फार मनापासून चौकशी करायचो.

म्हातारा ठणठणीत होता. त्याचा एकच हट्ट : कोशातल्या उदाहरणाचं वाक्य घडलेलं हवं. 'सुरी बोथट होती' असं लिहायचं, तर आधी बोथट सुरी दाखवावी लागे.

त्या दिवशी 'रेथ' हा इंग्रजी शब्द आला.

"नुसतं भूत नव्हे," म्हातारा म्हणाला. "जिवंत माणसाचं रूप. माणूस बसलेला एकीकडे, दिसतो भलतीकडेच. दिसला की फार दिवस राहत नाही, अशी समजूत. स्कॉटलंडच्या बोलीतून आला. त्याआधी कुठून, कुणालाच नक्की ठाऊक नाही. उदाहरण द्या, जावईबापू."

जावईबापूंनी चष्मा पुसला. "मामा, सांगू नये, पण सकाळी तुम्ही इथे बसलेले असताना मी तुम्हाला जिन्यात पाहिलं."

"घडलंय?"

"शपथेवर."

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. सकाळी मी आणि जावईबापू लिफ्टने बरोबरच वर आलो होतो. मी पेन्सिलीला टोक काढत राहिलो.

दुपारी म्हाताऱ्याने कपाटाच्या किल्ल्या जावयाच्या हाती दिल्या आणि घरी गेला.

"हलला एकदाचा!" जावईबापू कुजबुजले. "चहा सांगा, माझ्याकडून."

मी जिन्याने उतरलो. मधल्या वळणावर जावईबापू उभे होते. भिंतीकडे तोंड, चष्मा हातात.

"अहो, माझ्याआधी कसे पोचलात?"

ते वळले नाहीत. बरेच दिवस बंद असलेल्या खोलीसारखा वास आला.

मी वर धावलो. ते खुर्चीत रेलून किल्ल्या खुळखुळवत होते.

मी चहा सांगायला पुन्हा खाली गेलो, या वेळी लिफ्टने.

त्याच आठवड्यात ते झोपेत गेले.

महिन्याने म्हातारा पुन्हा आपल्या खुर्चीत येऊन बसला. मी पंख्याखाली.

"ते उदाहरण खोटं होतं ना?"

"हो. जिन्यात जावईबापू दिसले होते. मला."

"घडलंय?"

"हो."

त्याने वाक्य दुरुस्त केलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"आणि आत्ता मी वर येताना तुम्ही जिन्यात भिंतीकडे तोंड करून का उभे होतात? हाक मारली, तर वळलासुद्धा नाहीत."

सकाळपासून मी पंख्याखालून उठलो नव्हतो.

खुर्चीची किंमत जावईबापूंनी चुकती केली होती. टेबलाची राहिली होती.