काम कच्चं आहे

जुनी, दमदार इंजिनाची गाडी घ्यायची असेल तर माझं एक मत ऐकून ठेवा. चकाचक तयार गाडी घेऊ नका. आधीच्या मालकाची हौस फिटलेली असते आणि इंजिनाची वाट लागलेली असते. घ्यायची तर कुणीतरी मन लावून बांधायला घेतलेली आणि अर्ध्यावर राहिलेली घ्या. दुसरं म्हणजे, घेताना नावं ठेवायची. कितीही आवडली तरी तोंड वाकडंच करायचं. बायको मला ‘भंगारवाला’ म्हणते, ते काही उगाच नाही.

त्या सकाळी मी अशीच एक गाडी बघायला गेलो होतो. मालक म्हणजे एक म्हातारे शिंपी. दुकानामागच्या शेडमध्ये त्यांच्या मुलाची लाल गाडी उभी होती. मुलगा तापाचं निमित्त होऊन गेला होता. मी बॉनेट उघडलं आणि बघतच राहिलो. इंजिनाला जादा हवा पुरवणाऱ्या टर्बोचा पाइप त्याने स्वतः तुकडे जोडून केला होता आणि वेल्डिंगचे टाके एकासारखे एक होते. असं काम मी कधी पाहिलं नव्हतं.

“लोक म्हणायचे, पोरगं लोखंडात जन्म घालवतंय,” शिंपीकाका म्हणाले. “मीही बोललो त्याला. मला कापडातलं कळतं, यातलं नाही. तुम्ही जाणकार. खरं सांगा, हात कसा होता त्याचा?”

जिभेला हाड नसतं. सवयीने ती वळलीच.

“काम कच्चं आहे, काका. सगळं खोलून परत करावं लागेल.”

चावी देताना त्यांची मान खाली होती. गाडी मला मातीमोल भावाने मिळाली आणि मी ती ओढून माझ्या गॅरेजमध्ये आणली.

दुसऱ्या दिवशी जेवून परत आलो, गॅरेजचं शटर उघडलं, तर टर्बोचा पाइप बाकावर काढून ठेवलेला. नट-बोल्ट फडक्यावर ओळीने मांडलेले. शटरची किल्ली माझ्याच खिशात होती. म्हटलं, मीच काढून विसरलो असेन. पाइप पुन्हा बसवला आणि चहाला गेलो.

परतलो तेव्हा बाहेरूनच जळक्या लोखंडाचा वास आला. मी शटरला कान लावला. आत कुणीतरी कानशीने घासत होतं. सावकाश, थांबत थांबत. मध्येच एक उसासा ऐकू आला... काम मनासारखं होत नसलं की माणूस सोडतो ना, तसा.

शटर वर केलं. आत कुणीच नव्हतं. पाइप पुन्हा बाकावर, जुने टाके घासून काढलेले आणि त्यांच्या जागी नवे घातलेले, पहिल्याहून सुबक. पाइपला हात लावला, तर चटका बसला. मी बघत असतानाच घासण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला, माझ्यासमोर, त्याच बाकावर.

तेव्हा मला कळलं. शिंपीकाकांचा मुलगा मला छळायला आलाच नव्हता. त्याने माझा शब्द खरा मानला होता. मी म्हणालो होतो, सगळं परत करावं लागेल, आणि तो बिचारा तेच करत होता. भीती तर वाटलीच, पण त्याहून जास्त लाज वाटली.

मी तडक शिंपीकाकांकडे गेलो आणि सगळं ओकून टाकलं. भाव पाडायला खोटं बोललो, म्हटलं. त्यांनी शिवणयंत्र थांबवलं, चष्मा काढला आणि म्हणाले, “चला.”

गॅरेजमध्ये कानस चालूच होती. काका घाबरले नाहीत. त्यांनी गाडीच्या टपावर हात ठेवला.

“पुरे रे राजा. चांगलं झालंय. आता घरी चल...”

आवाज थांबला.

त्यांना सोडायला मी माझी रोजची गाडी काढली. काका आपणहून मागे बसले. मी निघालो, तर पुढे कुणी पट्टा न लावता बसलं की वाजते ती घंटी वाजू लागली. माझा पट्टा लावलेला होता. शेजारची सीट रिकामी.

“पट्टा लाव बाळा,” काका मागून हळूच म्हणाले.

खट् असा आवाज झाला. घंटी थांबली. मी उरलेल्या रस्त्यात डावीकडे पाहिलं नाही.

घराशी काका उतरले आणि पुढचं दार उघडून उभे राहिले. बराच वेळ. मग वाकून माझ्याकडे बघत म्हणाले, “उतरत नाहीये तो. बाप चांगलंच म्हणणार, असं वाटत असेल त्याला. तुम्ही सांगा.”

मी रिकाम्या सीटकडे वळलो.

“मी खोटं बोललो होतो रे. काम फार सुंदर होतं तुझं.”

आम्ही दोघं वाट पाहत राहिलो. पट्टा रिकाम्या सीटवर तसाच ताणलेला होता, श्वासागणिक किंचित वर-खाली होत. मी पुन्हा सांगितलं. मग पुन्हा. खोटारड्याचं खरं कोण ऐकणार... काकांनी शेवटी गाडीचं दार हलकेच लोटलं आणि ते एकटेच घरात गेले.