खालच्या वळणावरच्या टोपल्या

बेटाच्या राजधानीत, रोझोच्या बंदराला जहाज लागलं की साडेदहाच्या सुमारास पर्यटकांची पहिली गाडी कॅलिनागो आदिवासींच्या वस्तीचा चढ चढायची. इर्विना त्याआधीच दुकानाची फळी उघडून टोपल्या मांडायची.

टोपलीचं बूड आई विणायची आणि झाकण इर्विना. आईला जाऊन चार महिने झाले होते. पहिल्याच महिन्यात, किती उरल्यात हे न पाहता, इर्विनानं आईची शेवटची टोपली विकून टाकली. आईच्या हातचं घरात काहीच उरलं नाही. तेव्हापासून ती दुसऱ्यांचा माल विकत होती.

"बुडं कधी विणणार गं?" शेजारी कसाव्याच्या कंदाची भाकरी भाजणाऱ्या ओडीलमावशीनं विचारलं. "फळीखाली झाकणांचा ढीग पडलाय नुसता. टोप्या म्हणून खपवणारेस का?"

"तू घाल एक, मावशी. खपतील."

गाडीतून उतरलेली एक गोरी बाई थेट इर्विनाकडे आली. हातात झाकण नसलेली टोपली.

"झाकण वर मिळेल म्हणाल्या."

"कोण म्हणालं?"

"खालच्या वळणावरच्या बाई. मी वीस अमेरिकन डॉलर दिले, त्यांनी हे परत दिले. बरोबर आहेत ना? तुमचे पैसे मला समजत नाहीत."

तळहातावर इथल्या डॉलरची दहाची आणि पाचाची नोट होती. वीस अमेरिकन म्हणजे इथले चोपन्न, आणि टोपली चाळीसची. म्हणजे एक डॉलर जास्त. परक्या माणसाच्या मनात शंका राहू नये म्हणून आई नेहमी एक डॉलर जास्त द्यायची.

इर्विनानं टोपली हातात घेतली. काठाची वीण डावीकडे वळली होती. अख्ख्या वस्तीत डावखुरी विणकरीण एकच होती. पाऊस आत येऊ नये म्हणून वेताच्या दोन थरांत घातलेलं पान कडेला दिसत होतं. हिरवंगार, ओलं.

"मला द्या ही. दुप्पट देते."

बाईला ती थट्टा वाटली. फळीखालचं पहिलंच झाकण टोपलीवर अचूक बसलं.

बाई गेल्यावर इर्विना धावत उतरली. वळणावर विलायती फणसाखाली कोणी नव्हतं. गवतावर वेताची ताजी सालं पडली होती. ती दुपारपर्यंत तिथं बसून राहिली.

पुढच्या जहाजाला तीन टोपल्या आल्या. मग पाच. फळीखालचा ढीग संपला, तशी इर्विना पुन्हा झाकणं विणायला बसली.

कधी पहाटेच खाली जाऊन बसायची. त्या दिवशी एकही टोपली यायची नाही. म्हणून तिनं जाणं सोडलं. आईच्या शेजारी एकदा, फक्त एकदा बसायला मिळावं, एवढंच तिला हवं होतं. पण टोपल्या बंद झाल्या असत्या तर तेही सहन झालं नसतं.

"हल्ली बरी दिसतेस," ओडीलमावशी म्हणाली.

मंगळवारी गाडीतून एक म्हातारे गृहस्थ उतरले. टोपली फळीवर ठेवून ते तिच्याकडे बघतच राहिले.

"तुम्ही माझ्याआधी वर कशा पोचलात?"

"मी सकाळपासून इथंच आहे."

"इथंच आहे ती," ओडीलमावशी म्हणाली.

"असं कसं? आत्ता खाली वळणावर त्या टोपलीवाल्या बाईंच्या शेजारी बसला होतात. हाच ड्रेस."

इर्विनानं टोपली उचलून जवळ घेतली.

"काय करत होते मी?"

म्हाताऱ्यानं आठवून पाहिलं.

"हसत होतात."